सुटे नियम आणि हयातीचा दाखला



या वेळचा विषय पाहून आमच्या घरातलेच काहीजण हसतील. निलंग्यासारख्या तालुक्याच्या गावी जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेला, मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस संगणकांच्या आपसातल्या बोलण्यावर काय लिहिणार? पण या वयात मोकळा वेळ भरपूर असतो आणि कुतूहल काही निवृत्त होत नाही. आमची पुतणी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. दिवाळीला आली होती तेव्हा तिला विचारलं, "बाई, तू दिवसभर नेमकं करतेस काय?" ती म्हणाली, "काका, एकच काम शंभर मशीन मिळून करतात. त्या मशीननी एकमेकांशी कसं बोलायचं याचे नियम मी लिहिते. आणि ते सुटे सुटे लिहिते, म्हणजे हवा तो जोडता येतो, नको तो काढता येतो."

बोलण्याच्या या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात. सुटे, जोडता-काढता येणारे असले की ते मॉड्युलर. मग मी तिच्या मागे लागून बरंच विचारून घेतलं, थोडं वाचलं. आणि माझं एक मत बनलं. ते असं की ही गोष्ट फक्त इंजिनिअर लोकांची नाही. नियम सुटे ठेवले की एकत्र वळून टाकले, यावर आपल्यासारख्यांची पेन्शन अवलंबून असते. कसं ते सांगतो, पण आधी थोडी पायवाट तुडवावी लागेल.

शंभर मशीन एक काम करतात म्हणजे काय? एका भिंतीआड बसलेल्या शंभर कारकुनांनी फक्त चिठ्ठ्या पाठवून एक हिशोब पुरा करायचा. कोणी कोणाचं तोंड बघू शकत नाही. चिठ्ठी हरवू शकते, उशिरा पोचू शकते, एकच चिठ्ठी दोनदा पोचू शकते, आधी लिहिलेली नंतर मिळू शकते. आणि सगळ्यात अवघड म्हणजे एखाद्याकडून उत्तरच आलं नाही, तर तो मेला की नुसता सावकाश काम करतोय हे कळायला मार्ग नसतो.

हे शेवटचं आम्हा लातूरकरांना वेगळं समजावून सांगावं लागत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. मुंबई-पुण्याच्या नातेवाइकांनी बातम्यांत लातूर जिल्ह्याचं नाव ऐकलं आणि त्यांच्या पोटात गोळा आला. आमच्या घरी तेव्हा फोन नव्हता. ज्या दुकानात निरोप यायचा तिथला लागत नव्हता. आम्ही सगळे सुखरूप होतो, पण तिकडे ते कळायला दोन दिवस गेले. आणि त्याच वेळी किल्लारी-सास्तूरकडची अशी कितीतरी घरं होती की जिथून उत्तर येणारच नव्हतं. हजारो माणसं गेली. बाहेरून वाट पाहणाऱ्याला मात्र दोन्हीकडची शांतता सारखीच होती. संगणकशास्त्रात फिशर, लिंच आणि पॅटर्सन या तिघांनी १९८५ साली गणिताने दाखवून दिलं की निरोपाला किती वेळ लागेल याची काहीच मर्यादा नसेल आणि एखादं मशीन जरी बंद पडू शकत असेल, तर बाकीच्यांचं ठराविक वेळेत एकमत होईलच अशी हमी कोणताही नियम देऊ शकत नाही. मुळात अडचण तीच, गप्प बसलेल्याचं काय समजायचं?

आता सुटे नियम म्हणजे काय ते पोस्टाच्या खिडकीवरून सांगतो. आमच्या पिढीने हे रोज वापरलं आहे. लग्नाची पत्रिका साध्या टपालाने जायची. जमिनीचा कागद रजिस्टरने. समोरच्याच्या सहीचा पुरावा हवा असेल तर वर पोचपावती जोडायची. किमती वस्तू असेल तर विमा उतरवायचा. पुस्तकं व्हीपीने मागवली की पैसे पोस्टमनच्या हातात दिल्यावरच पुडकं मिळायचं. यात पोस्टमन तोच, थैली तीच, रस्ता तोच. वर काय काय जोडायचं हे पाठवणारा खिडकीवर ठरवायचा आणि तेवढ्याचेच पैसे भरायचा. पत्रिकेला कोणी विमा उतरवत नसे. २०२५ साली रजिस्टर टपाल ही वेगळी सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली, पण तिथेही नोंदणी ही हवी असल्यास वर जोडून घ्यायची सेवा म्हणून राहिली. म्हणजे नाव बदललं, विचार तोच.

संगणकवाल्यांना हा विचार एकदम सुचला नाही. इंटरनेटच्या आधीच्या आराखड्यात, १९७४ साली, टीसीपी हा एकच मोठा नियम होता. पत्ता बघणं, पुढे पाठवणं, हरवलं तर पुन्हा पाठवणं, क्रम लावणं, सगळं त्यातच. मग लक्षात आलं की प्रत्येकाला सगळं नको असतं. तारेवरून माणसाचा आवाज पाठवायचा असेल, तर हरवलेला एखादा अक्षराचा तुकडा अर्ध्या मिनिटाने पुन्हा पाठवून काय उपयोग? बोलणं पुढे गेलेलं असतं. म्हणून १९७८ साली त्या नियमाचे दोन तुकडे केले. खालचा आयपी, जो फक्त पत्ता बघून पाकीट पुढे ढकलतो आणि कसलीही हमी देत नाही. वरचा टीसीपी, जो हमी देतो. ज्याला हमी नको त्याच्यासाठी १९८० साली यूडीपी हा हलका नियम आला. आज तुम्ही अमेरिकेतल्या नातवंडांशी व्हिडिओवर बोलता तेव्हा चित्र क्षणभर फाटतं आणि पुन्हा जुळतं, त्याच्या मुळाशी बऱ्याचदा हाच हलका नियम असतो. फाटलेला तुकडा परत मागण्यापेक्षा पुढे चालू ठेवणं बरं.

नव्वदच्या दशकात अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात केन बर्मन आणि रॉबर्ट व्हॅन रेनेसी यांच्या गटाने याच्याही पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्या आधीच्या प्रणालीचं नाव आयसिस. न्यूयॉर्कचा शेअर बाजार आणि फ्रान्सचं विमान-नियंत्रण अशा ठिकाणी ती वापरली गेली, म्हणजे जिथे चूक परवडत नाही अशा ठिकाणी. पुढच्या होरस या प्रणालीत त्यांनी नियमांचे छोटे छोटे थर केले. एक थर हरवलेलं परत पाठवणारा, एक थर सगळ्यांना निरोप एकाच क्रमाने पोचवणारा, एक थर गटात कोण आहे आणि कोण गळाला याची हजेरी ठेवणारा, एक थर कुलूप लावणारा. जेवणाच्या डब्याचे पुड जसे कमी-जास्त करता येतात तसे हे थर, आणि तेही प्रोग्राम चालू असताना. सगळ्या पुडांच्या कडा एका मापाच्या, म्हणून कोणताही कोणावर बसतो.

आपल्याकडे पुण्यात याचा अनुभव आला तो सी-डॅकमध्ये. १९८८ साली ही संस्था निघाली, डॉ. विजय भटकर तिचे पहिले संचालक. अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचा माणूस. १९९१ साली त्यांनी परम ८००० हा महासंगणक दाखवला. एक अवाढव्य मेंदू बनवण्याऐवजी त्यांनी अनेक छोटे प्रोसेसर जोडले आणि काम वाटून दिलं. पण काम वाटलं की बोलणं वाढतं. सगळा खेळ त्या बोलण्याच्या वेगावर येऊन थांबतो. १९९८ च्या परम १०००० मध्ये तर बाजारात मिळणारी मोठी मशीन एकत्र जोडली होती. दूरच्या, बेभरवशाच्या तारांसाठी बनवलेले टीसीपीचे सगळे सोपस्कार एकाच खोलीतल्या मशीननी करत बसावं, याला काय अर्थ? शेजारच्या खोलीत निरोप द्यायला कोणी रजिस्टर टपाल करत नाही. म्हणून सी-डॅकने स्वतःचं परमनेट हे जाळं आणि त्यावर क्षिप्रा नावाचं हलकं संदेशवहन बनवलं. संस्कृतात क्षिप्र म्हणजे वेगवान. नाव अगदी शोभतं.

मला यातली खरी गंमत वेगळीच वाटली. हवामानाचं गणित लिहिणाऱ्या शास्त्रज्ञाला खाली कोणती तार आहे हे माहीत असण्याची गरज नव्हती. त्याच्या प्रोग्रामात फक्त 'पाठव' आणि 'घे' अशा ठरलेल्या आज्ञा. १९९४ साली जगभरच्या लोकांनी मिळून या आज्ञांचं एक प्रमाण ठरवलं, त्याला एमपीआय म्हणतात. खालचं जाळं बदला, वरचं गणित पुन्हा लिहायला नको. मास्तर बदलला तरी पाठ्यपुस्तक तेच राहतं, तसं.

इथपर्यंत वाचून कोणाला वाटेल की मग सगळंच सुटं करावं. तसं नाही, आणि याच ठिकाणी माझं मत थोडं कडक आहे. सुट्या नियमांचा तोटाही मोठा असतो. समजा, दहा गोष्टी 'हवी' किंवा 'नको' अशा ठेवल्या, तर १०२४ वेगवेगळ्या जुळण्या होतात. त्या सगळ्या कोण तपासणार? शिवाय दोन्ही टोकांनी तीच निवड केली पाहिजे. आमच्या तालुक्यातल्या औराद शहाजानीच्या बाजारात कर्नाटकातली माणसं येतात. सौदा सुरू होण्याआधी मराठी, कानडी की हिंदी हे दोन वाक्यांत ठरून जातं. एकाने कानडीत भाव सांगायचा आणि दुसऱ्याने मराठी आकडा समजायचा, असं चालू केलं तर भांडणच व्हायचं.

काही गोष्टी तर मुळात निवडीच्या नसाव्यातच. आमची जुनी बार्शी लाइट रेल्वे आठवा. अडीच फुटी रूळ. १९११ च्या सुमारास ती लातूरपर्यंत आली. गाडी चांगली होती, पण कुर्डुवाडीला मोठी लाइन भेटली की आपला डबा पुढे जात नसे. पोती उतरवा, पुन्हा चढवा. त्यात वेळ गेला, पैसा गेला, हमालांच्या पाठी गेल्या. पुढे टप्प्याटप्प्याने ती ब्रॉडगेज झाली. एप्रिल २०१६ मध्ये लातूरला पाणीच उरलं नाही तेव्हा मिरजेहून पाण्याची गाडी आली. पहिल्या खेपेला १० टाक्या, सुमारे ५ लाख लिटर. नंतर ५० टाक्यांची गाडी येऊ लागली. त्या टाक्या मुळात तेल वाहणाऱ्या. त्या कोट्याच्या कारखान्यात वाफेने धुतल्या, आत पाणी भरलं आणि गाडी थेट लातुरात. रुळांचं माप सगळीकडे एक, म्हणून वरची टाकी कुठलीही चालली आणि टाकीत काय भरायचं हे गरजेप्रमाणे ठरवता आलं. रूळ अजून अडीच फुटांचेच असते तर? विचार करून बघा.

म्हणजे खालची बैठक सगळ्यांची एक आणि पक्की, त्यावरचं मात्र सुटं. ही वाटणी कुठे करायची हे ठरवणं हेच खरं शहाणपण आहे, असं मला वाटतं.

आता येतो पेन्शनवर.

मशीनच्या गटात प्रत्येक मशीन ठराविक वेळाने "मी आहे" असा निरोप पाठवतं. त्याला हार्टबीट म्हणतात, म्हणजे काळजाचा ठोका. ठोका आला नाही की बाकीचे समजतात, काहीतरी बिनसलं. मंडळी, आपला हयातीचा दाखला म्हणजे दुसरं काय आहे? दर नोव्हेंबरात आपण बँकेत जाऊन ठोका देतो, "मी आहे." तो पोचला नाही की पेन्शन थांबते. मेलेल्या माणसाच्या नावावर पैसे उचलले जाऊ नयेत म्हणून हे आहे आणि ते असायलाच हवं. माझी त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार वेगळी आहे. आमच्या शाळेतले एक निवृत्त शिपाई आहेत. नोकरी सांभाळून सगळा जन्म शेतात राबले. अंगठ्याच्या रेषा झिजून गुळगुळीत. एका वर्षी नोव्हेंबरात एका बँकेच्या शाखेत त्यांना तीनदा परत पाठवलं. मशीनवर अंगठा ठेवायचे, मशीन नाही म्हणायचं. खिडकीवरचा मुलगा सांगायचा, "बाबा, सर्व्हर घेत नाही, उद्या या." सर्व्हर चालू होता, तार चालू होती, बाबाही समोर उभे होते. फक्त अंगठ्याचा एक थर अडला होता आणि त्याच्यामुळे सगळा डबा अडला. जानेवारीत त्यांच्या खात्यात पैसे आले नाहीत, तेव्हा ते माझ्याकडे आले. मी त्यांच्याबरोबर गेलो, साहेबांना भेटलो. साहेबांनी माणूस पाहिला, कागद पाहिले, यादीवर सही घेतली. पाच मिनिटं लागली. कागदाचा रस्ता पहिल्या दिवसापासून होताच. तो आहे हे खिडकीवरच्या पडद्यावर कुठे लिहिलेलं नव्हतं, एवढंच.

२०१४ साली जीवन प्रमाण ही ऑनलाइन दाखल्याची सोय आली तेव्हा भर बोटांच्या ठशांवर किंवा डोळ्यांच्या बुबुळावर होता. २०२१ साली त्यात चेहऱ्यावरून ओळख पटवण्याचा मार्ग जोडला. घरबसल्या मोबाइलवरून होतं. मला हे बघून मनापासून बरं वाटलं. बाकी सगळी यंत्रणा तशीच ठेवून ओळख पटवण्याचा एक नवा तुकडा बसवता आला, ही सुट्या बांधणीचीच करामत. पण नवा तुकडा जोडणं वेगळं आणि अडलेल्या माणसाला तो वेळेवर दाखवणं वेगळं.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. १९९६ साली तुषार चंद्रा आणि सॅम टुएग या दोघांनी संगणकांच्या याच प्रश्नावर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी 'मशीन मेलं' हा निवाडा बाजूला ठेवला आणि 'मला याचा संशय आहे' अशी भाषा आणली. संशय चुकीचा असू शकतो. उशिराने का होईना निरोप आला की संशय मागे घेता येतो. आणि पुढे काय करायचं हा निर्णय संशयापासून वेगळा राहतो. केवढी माणुसकीची गोष्ट आहे ही! तीही निर्जीव यंत्रांसाठी. आपल्या शिपाईबाबांच्या वाट्याला मात्र एवढंही आलं नाही. ठोका चुकला, की थेट पैसे बंद. मधे कोणी विचारायला नाही, फोन नाही, चिठ्ठी नाही.

आता हे सगळं कोणासाठी लिहिलं? तुमच्यापैकी कितीतरी जणांची मुलं, माझे भाचे-पुतणे, पुण्यात, हैदराबादेत, बंगळुरात हीच कामं करतात. उद्या रेशनचं, पेन्शनचं, पीकविम्याचं सॉफ्टवेअर त्यांच्याच हातून जाणार. त्यांना माझ्यासारख्या जुन्या मास्तराचं एवढंच सांगणं आहे.

एक, जिथे गरजू माणूस उभा असतो त्या थराला कधीही एकच दार ठेवू नका. दुसरं दार ठेवा आणि पहिलं बंद झालं की खिडकीवरच्या मुलाला पडद्यावर ते आपोआप दिसू द्या. त्याला पाठ असेल असं धरून चालू नका.

दोन, 'उत्तर आलं नाही' आणि 'माणूस गेला' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. ती प्रोग्राममध्येही दोन वेगळ्या तुकड्यांत राहू द्या. मधे किती थांबायचं हा आकडा बदलता येईल असा ठेवा. एका खोलीतल्या मशीनला क्षणभर थांबलं तरी पुरतं. ऐंशी वर्षांच्या, वाडीवर राहणाऱ्या म्हातारीला महिनाही कमी पडू शकतो.

तीन, सगळंच बदलता येईल असं करू नका. ओळख पटल्याशिवाय पैसे नाहीत, आणि पैसे थांबवले तर कोणी, कधी, कशामुळे थांबवले याची नोंद, हे रूळ आहेत. हे कोणालाही काढता येऊ नयेत, शाखेतल्या साहेबांनाही नाही.

कोणी म्हणेल, काका, यात खर्च वाढतो. वाढतोच. पण तीनदा वाडीवरून येण्याचं एसटीचं भाडं, बुडालेली मजुरी आणि थांबलेली औषधं हाही खर्चच आहे. तो कोणाच्या वहीत लिहिला जात नाही म्हणून तो नसतो असं नाही.

असो. लेख लांबला. तांत्रिक बाबींत कुठे काही राहून गेलं असेल तर घरातल्या जाणत्यांनी जरूर लिहावं. आणि तुमच्या ओळखीत कोणाचा हयातीचा दाखला अंगठ्यापायी अडला असेल, तर त्यांना कागदाचा आणि चेहऱ्याचा असे दोन्ही रस्ते सांगा. नोव्हेंबर यायची वाट पाहू नका.